मेक अक्काचं कोरं मशीन

मेक अक्काला तयार काही चालत नसे. सांबाराची पूड ती घरी करायची, इडलीचं पीठ घरी वाटायची, कॉफीचं डिकॉक्शन बाटलीत भरून आणायची आणि ऑफिसच्या मशीनची कॉफी पिणाऱ्या आम्हा सगळ्यांची मनापासून कीव करायची. सॉफ्टवेअरचंही तेच. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्ट स्वतः लिहीत बसत नाहीत. पुन्हा पुन्हा लागणारे भाग कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. त्या बांधूनबिंधून तयार मिळतात. उतरवून घ्यायच्या आणि वापरायच्या. अख्खं जग तसंच करतं. अक्का मात्र त्यांचा सोर्स मागायची, म्हणजे माणसाने लिहिलेला, वाचता येणारा मूळ मजकूर, आणि त्यावरून लायब्ररी स्वतः बांधायची. "तयार वडा आणलास, आंत काय घातलें कुणास ठाऊक? डाळ दे मा, मी वाटतें," हे तिचं ठरलेलं वाक्य.

बांधायला जी आज्ञा द्यावी लागते तिचं नाव 'मेक'. अक्काच्या कीबोर्डवरून दिवसभर तीच जायची, म्हणून ऑफिसातल्या पोरांनी तिला मेक अक्का करून टाकलं. खरं नाव अंबुजाबाई. ते पगाराच्या चिठ्ठीवर आणि तिच्या लॉगिनवर तेवढं उरलं होतं. साठीकडे झुकलेली, काटकुळी, सुती साडी, पायात पळायचे बूट, केसांत मोगऱ्याचा गजरा. अशी ही बाई स्कूटीवरून चेन्नईतल्या अंबत्तूरच्या रस्त्याने ट्रकच्या मधून यायची तेव्हा बघणाऱ्याचा जीव मुठीत यायचा, तिचा नाही.

माझी तिची ओळख पहिल्याच दिवशी झाली. नवऱ्याची बँकेने चेन्नईला बदली केली आणि कोल्हापूर सोडून मी इथे आले. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथच्या वर्कशॉपशेजारी आमचं ऑफिस. तमिळचा गंध नाही, घामाने जीव नकोसा झालेला, आणि दुपारी डबा उघडून मी एकटीच तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "जेवण जाहलें कीं?" मी दचकून वळले. मराठी! तेही असलं, की पणजोबांनी फोटोतून हाक मारावी.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मराठीच कीं. तंजावूर. तूं कुठली?"

"कोल्हापूर."

"तिकडं अजून मराठी बोलतात?" तिने इतक्या सरळपणे विचारलं, की मी थक्क झाले. वर माझं दोन मिनिटं बोलणं ऐकून म्हणाली, "बरें बोलतेस. हिंदी फार मिसळतेस, तेवढें बघ." हे सांगणारीच्या प्रत्येक वाक्याला तमिळ हेल होता आणि दर चार शब्दांना 'अय्यो', 'सरि', 'पोदुम' पेरलेलं होतं! मला अस्सा राग आला म्हणता. पण तिने आपल्या डब्यातला भात न विचारता माझ्या डब्यात ढकलला, आणि कोल्हापूरच्या माणसाचं डोकं जेवताना थंड असतं.

तिचे पूर्वज कधीतरी राजांबरोबर तंजावरला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, दारात तमिळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला, एका मोठ्या कंपनीत, बायको तमिळ, नातीला मराठीतलं फक्त 'आज्जी' येतं. तो सारखा म्हणायचा, आई, आता पुरे, माझ्याकडे ये. अक्का म्हणायची, येतें, इथलें बांधून होऊं दे.

इथलं म्हणजे काय, ते सांगते. अपुऱ्या दिवसांची बाळं ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, त्या पेट्या एक कारखाना करायचा आणि त्यांतलं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. पेटीत ऊब किती ठेवायची, कधी वाढवायची, कधी ओरडून नर्सला बोलवायचं, हा सगळा हिशेब करणारी लायब्ररी अक्काने उभी केली होती. पेटीतलं बाळ तिने कधी पाहिलं नसेल, पण बोलायची अशी, की जणू सगळी तिच्याच मांडीवर आहेत.

लायब्ररी दोन तऱ्हांनी बांधता येते, स्टॅटिक आणि शेअर्ड. मी कॉलेजात त्यावर पानंच्या पानं लिहून मार्क मिळवले होते, पण कळलं ते अक्काच्या डब्यावर. "स्टॅटिक म्हणजे डबा," ती म्हणाली. "जेवण बरोबरच बांधून नेलेलें. ओझें होतें, पण कुठेंही बसून खा, कुणाला विचारणें नाहीं. शेअर्ड म्हणजे मेस. सगळ्यांसाठीं एकच भांडें, ज्याला भूक लागेल त्यानें तिथें जायचें. हात मोकळे. पण मेसचा पत्ता बदलला कीं सगळे उपाशी."

"मग चांगलं कुठलं, अक्का?"

"अय्यो, चांगलें-वाईट कसलें? मेसमधें मीठ जास्त पडलें तर एका ठिकाणीं सुधारलें कीं झालें. डबे शंभर असतील तर शंभर उघडायचे. पेटी दूर गांवांत जाते, तिला डबा द्यायचा. ऑफिसांतल्या तपासायच्या मशीनांना मेस पुरे." तसंच होतं. दवाखान्यात जाणाऱ्या पेट्यांमध्ये लायब्ररी आतच शिवलेली, आणि आमच्याकडची चाचणीची मशीनं ऑफिसच्या नेटवर्कवर एका जागी ठेवलेली लायब्ररी वापरायची.

लायब्ररी बांधली जात असताना पडद्यावर ओळी धावत असतात. आम्ही तेवढ्यात चहा पिऊन यायचो. अक्का खुर्ची सोडत नसे. चूक असेल तर बांधणं थांबतं, ते सगळ्यांनाच दिसतं. पण मधूनमधून नुसत्या सूचना येतात, इथे जरा बघा, म्हणून. त्या कुणी वाचत नाही. अक्का प्रत्येक वाचायची. "रडणारें पोर आई बघतेच. कुरकुरणारें कोण बघणार?" मी तिच्या डोक्यावर मिरी वाटायला जायचे, की अहो अक्का, या सूचनेने काय आभाळ कोसळणार आहे? ती म्हणायची, "नाहीं कोसळणार. मग वाचायला काय होतें?"

पण अक्काची खरी ओळख दसऱ्याला पटायची. चेन्नईत खंडेनवमीला आयुधपूजा म्हणतात आणि अंबत्तूरमध्ये तिचा थाट दिवाळीहून मोठा. दाराला केळीचे खांब, लेथला चंदन-कुंकू, रस्त्यावर कोहळे फोडलेले, आणि घरोघर चुरमुरे, डाळं, गूळ. आमच्या कॉम्प्युटरनाही कुंकू लागायचं. त्या दिवशी अक्का एक मशीन निवडायची आणि पूजेआधी ते संपूर्ण पुसून कोरं करायची. मग आयुधाला हात लावायचा नाही म्हणून दिवसभर ते तसंच. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मुलांना पहिलं अक्षर गिरवायला बसवतात त्या मुहूर्तावर, ती सुट्टी असून ऑफिसात यायची आणि त्या कोऱ्या मशीनवर सोर्सवरून सगळं पहिल्यापासून बांधायची. बांधलं गेलं की मशीनपुढे नारळ. "कोऱ्यावर बांधतां आलें तर तें आपलें. नाहींतर नुसतें सांचलेलें," म्हणायची. मी पहिल्या वर्षी हसले होते. दुसऱ्या वर्षी मीही सुट्टी सोडून गेले, चुरमुऱ्यांसाठी म्हणा हवं तर.

तिची निवृत्ती जवळ आली तशी तिला एकाच गोष्टीची तळमळ लागली. कोऱ्या मशीनवर दुसऱ्या कुणीतरी बांधायचं आणि तिने हात लावायचा नाही. "मी बांधतें ह्यांत काय मोठें? मी नसतां बांधलें जातें कीं नाहीं, तें मजला बघून जाऊं दे." मॅनेजर भला माणूस, पण त्याच्या मानेवर सतत नवी तारीख बसलेली. पुढच्या आठवड्यात करू, अक्का. पुढच्या महिन्यात नक्की, अक्का. असं करता करता निरोपसमारंभाचा दिवस आला. शाल, चांदीचा दिवा, केक, बिर्याणी. मॅनेजर भाषणात म्हणाला, अक्काशिवाय या ऑफिसचं पान हलत नाही. टाळ्या पडल्या. अक्काला बोलायला सांगितलं तर उठून एवढंच म्हणाली, "कोरें मशीन कधीं?" सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. मी तिच्या शेजारी होते. तिने केकला हात लावला नाही.

ती पेरुंगुडीला मुलाकडे गेली. नियमाप्रमाणे महिन्याने तिचं लॉगिन आणि नेटवर्कवरचा तिचा फोल्डर पुसण्यात आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात हाहाकार! चाचणीचं एकही मशीन चालेना. सगळ्यांच्या पडद्यावर एकच रड, लायब्ररी सापडत नाही. दवाखान्यांत आधी गेलेल्या पेट्यांना काही धक्का नव्हता, त्यांच्यात डबा होता. पण एका जिल्ह्याच्या दवाखान्यासाठी नव्या पेट्या तयार होऊन उभ्या होत्या आणि चाचणी झाल्याशिवाय त्या हलणार नव्हत्या. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारपर्यंत शोधाशोध केली तेव्हा कळलं. लायब्ररी कुठे शोधायची याचा पत्ता बांधतानाच प्रोग्रॅममध्ये लिहिला जातो. आमच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पत्ता होता अक्काच्या स्वतःच्या, तिच्या नावाच्या फोल्डरचा. कधीतरी सुरुवातीला, सोयीसाठी, 'मेक' जी वाचून बांधतं त्या बांधायच्या कृतीत तिनेच तो लिहिला असणार. वर्षानुवर्षं अख्खं ऑफिस तिच्या घरी जेवत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. तिलाही नाही.

मी तिला फोन केला. "अक्का, तुमचा फोल्डर पुसला आणि सगळं बंद पडलं."

"सगळें?"

"सगळं."

दुसरं कुणी असतं तर सुखावलं असतं. बघा, माझ्यावाचून तुमचं अडलं की नाही! मी तर पेढे वाटले असते. अक्काचा आवाज आला तो रडवेला. "असें कसें मा? मी दर साली कोऱ्यावर बांधतें. दर साली जमतें." आणि मग हळूच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण लॉगिन कुणाचें? माझें. मी बसलें कीं माझा फोल्डर मागोमाग येतोच. अय्यो... मशीन कोरें होतें, मी कोरी नव्हतें."

एवढ्या वर्षांचे दसरे, आणि ज्यासाठी तो सगळा खटाटोप, ती एकच गोष्ट कधी तपासलीच गेली नव्हती. तिला जे हवं होतं ते किती बरोबर होतं, ते तेव्हा कळलं. त्या फोल्डरात लिहायची मुभा फक्त तिच्या लॉगिनला होती; दुसरं कुणी बसल्याशिवाय ही चूक जन्मात सापडली नसती.

मॅनेजरकडे सोपा उपाय होता. पुसलेल्या फोल्डरची प्रत राखून ठेवलेली होती, ती होती तिथे परत ठेवायची, की काम फत्ते. मी अक्काला हे सांगितलं, वाटलं तिला हायसं वाटेल. ती कडाडली. "नको! निवृत्त जाहलेल्या बाईच्या घरांतून पाणी भरूं नका. प्रत घे, त्यांतलें लागेल तें बघ, पण तिथें परत ठेवूं नका. उद्यां मी मेलें कीं पुन्हां कुणी पुसेल, आणि तेव्हां फोन कुणाला करशील?" मी मॅनेजरपुढे जाऊन बसले. हो-नाही करता करता तो म्हणाला, दसरा चार दिवसांवर आहे, तोपर्यंत. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाही जमलं, तर फोल्डर परत.

आयुधपूजेला मी मशीन पुसलं. कुंकू जरा जास्तच लावलं, खोटं कशाला सांगू. दसऱ्याच्या सकाळी अक्का मुलाच्या गाडीतून आली. मी म्हटलं, अक्का, हात लावायचा नाही, बोलायचं नाही, बघायचंही नाही. ती म्हणाली, सरि, म्हणजे बरं, आणि खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. मांडीवर चुरमुऱ्यांची पिशवी. मुलगा दारात उभा, आईकडे बघत, की ही बाई सणाच्या दिवशी खिडकीकडे तोंड करून काय करते आहे?

मी माझ्या लॉगिनने बसले. 'मेक' म्हटलं आणि लगेच अडलं. एक छोटी फाइल सापडेना; कृती ती अक्काच्या फोल्डरात शोधत होती. अक्काच्या पाठीवरूनच कळलं, की तिच्या जिभेच्या टोकावर उत्तर आहे. तिने चुरमुऱ्यांचा बकाणा भरला आणि जोरात चावायला लागली. ती फाइल मी प्रतीतून काढून आपल्या सोर्समध्ये ठेवली, कृतीतला पत्ता बदलला, पुन्हा 'मेक'. पुढे गेलं आणि पुन्हा अडलं. पुन्हा बकाणा. मी घामाघूम, मागे कुडूम कुडूम आवाज. एकदा तर तिने "हं..." एवढं केलं आणि मी खेकसले, "अक्का!" तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. पिशवी संपली तेव्हा मुलगा निमूटपणे खालून दुसरी घेऊन आला.

सूचना येत होत्या त्याही मी वाचल्या. सगळ्या. जेवणाची वेळ टळून गेली आणि मग एकदाचं ते शेवटपर्यंत गेलं. स्टॅटिक झाली, शेअर्ड झाली, आणि शेअर्डचा पत्ता होता सगळ्या ऑफिसच्या सामाईक जागेचा. चाचणीची पेटी लावली. आत दिवा लागला, आकडा हळूहळू चढला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला.

"अक्का, झालं."

ती वळली नाही. "माझें नांव शोध," म्हणाली. "बांधलेल्या सगळ्या फाइलींत. कुठें राहिलें असेल तर जाहलें नाहीं."

मी शोध लावला. पडद्यावर काही आलं नाही.

"नाही, अक्का. कुठंच नाही."

"परत बघ."

"बघितलं. एकदाही नाही."

तेव्हा तिने खुर्ची फिरवली. पदराला चुरमुरे चिकटलेले, डोळे भरलेले, आणि चेहरा असा, की जणू लेकीचं लग्न पार पडलं. "बरें जाहलें," म्हणाली, "आतां मी रिटायर." आणि नारळ मला फोडायला दिला. तिचा मुलगा हसत होता, मला मात्र रडू आवरेना. इतकी वर्षं खपली बाई, आणि मागितलं काय, तर आपलं नाव कुठे उरू नये!

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. संध्याकाळी नातीला शेजारी घेऊन पीठ वाटलं, सकाळी उठली नाही. नंतर आमचं ऑफिस पेरुंगुडीला आलं, तिच्या मुलाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि अजूनही दुपारी डबा उघडला की मला वाटतं, मागून कुणीतरी विचारणार, जेवण जाहलें कीं? पेट्या जातात, आणि दर दसऱ्याला एक मशीन कोरं होतं. नवं माणूस, नवं लॉगिन, हा त्यात आता नियमच झाला आहे.

गेल्या दसऱ्याला कविता नावाची आमच्यातली नवी इंजिनिअर बसली. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड केलं, मांडीवर पिशवी घेतली. अहो, गप्प बसणं किती अवघड असतं! तिचं अडलं तेव्हा उत्तर माझ्या दातांपर्यंत आलं होतं. अक्काने ते दिवसभर कसं सोसलं असेल, देव जाणे. शेवटी कविता म्हणाली, "झालं, अक्का." हो, आता मला अक्का म्हणतात.

"नाव शोध," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"माझं."

तिने शोध लावला. मग ती जरा चाचरत म्हणाली, "एका ठिकाणी आहे, अक्का. पण त्याने काही बिघडत नाही. राहू दे ना?"

क्षणभर, खरंच सांगते, मला ते राहू द्यावंसं वाटलं.

"काढ," मी म्हटलं, आणि चुरमुऱ्यांचा बकाणा भरला.